भाग दुसरा कधी?

माझे बाबा सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते आणि मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिते. बाबांमुळे सिनेमे फुकटात बघायला मिळाले, पुरवणीमुळे माणसं भेटली. सिनेमांत माझा जीव सुपरहिरोंवर आणि माणसं वाट्याला आली ती नागपुरात राहता राहता अचानक प्रसिद्ध झालेली. ही दोन खाती बरीच वर्षं वेगवेगळी होती. मग हळूहळू जाणवायला लागलं, की सुपरहिरोच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात जे रडगाणं असतं, जवळजवळ तेच ही माणसं मला चहाच्या कपावर ऐकवत असतात. त्यातून जे काही उमगलं ते खाली लिहिते आहे. आकडे घातलेत ते संपादकांच्या समाधानासाठी. क्रमाला फार अर्थ नाही.

१. शक्ती मिळाली तरी घरभाडं सुटत नाही

२००४ साली आलेला ‘स्पायडरमॅन २’ मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. पहिल्या भागात पोराला कोळी चावतो, भिंती चढता येतात, सगळी मजा. दुसरा भाग उघडतो तेव्हा हाच पोरगा पिझ्झा पोहोचवायला उशीर झाला म्हणून नोकरी घालवून बसलाय. घरमालक भाड्यासाठी दार अडवून उभा. कॉलेजात प्राध्यापक झापतात. तो जगप्रसिद्ध लाल-निळा वेष धुवायला टाकतो, तर रंग उतरून बाकीच्या कपड्यांना लागतो. शहराला तो रोज वाचवतो, आणि शहरातला एक संपादक रोज त्याच्या नावानं खडे फोडतो.

मग त्याच्या हातातून जाळं सुटेनासं होतं. उंच इमारतीवर अडकलेला स्पायडरमॅन मुकाट लिफ्टनं खाली येतो. लिफ्टमधला माणूस त्याच्या वेषाचं कौतुक करतो, आणि हा सांगतो, की जरा खाजतं. त्या अर्ध्या मिनिटात एकही मारामारी नाही, तरी अख्ख्या सुपरहिरो-पुराणात मला सगळ्यात खरा वाटतो तो हाच प्रसंग.

‘आयर्न मॅन २’ (२०१०) सिनेमा म्हणून मला फारसा आवडत नाही, पण त्यातली एक गोष्ट नेमकी आहे. पहिल्या भागाच्या शेवटी टोनी स्टार्क पत्रकारांसमोर छाती काढून सांगतो, आयर्न मॅन मीच. दुसऱ्या भागात सरकारी समिती त्याला बोलावून विचारते, मग तो चिलखती पोशाख आमच्या हवाली कधी करतोस? एकदा नाव जाहीर झालं, की माणसाच्या कपाटातल्या वस्तूवरही गावाचा हक्क सुरू होतो.

२. हौस जुनीच, तिकीट नवं

बाबांच्या उमेदीच्या काळात दुसरा भाग ही भानगड फारशी नव्हतीच. होता तो रिपीट रन. चाललेला सिनेमा काही वर्षांनी पुन्हा लागायचा, बहुतेक मॅटिनीला. आपला हा सगळा विदर्भ फिल्लमवाल्यांच्या भाषेत ‘सी.पी. बेरार’ सर्किट. तो प्रांत नकाशावरून जाऊन कित्येक दशकं लोटली, धंद्यात मात्र नाव जिवंत राहिलं. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला. तिथून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या यायच्या. रिपीट रनची प्रिंट इतकी घासलेली असायची, की पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटावं. पब्लिकला त्याचं काही नसायचं. संवाद पाठ असलेली माणसं पुन्हा तेच संवाद ऐकायला यायची, आणि एखाद्या गाण्याआधी रीळ तुटलं तर ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पुढे व्हिडिओ आला, मग केबल. जुना सिनेमा घरात पलंगावर लोळून दिसायला लागला. रिपीट रन मेला, आणि त्याच्या जागी दुसरा भाग आला, हे बाबांचं म्हणणं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे सापडेल की नाही, देव जाणे. मला ते पटतं. लोकांना तेच पुन्हा हवं असतं, पण तिकीट काढायला काहीतरी निमित्त लागतं. निर्मात्यालाही पहिल्या शुक्रवारची गर्दी नावावर आयती मिळते.

आपल्या मराठीत सुपरहिरो म्हणावा असा एक होऊन गेला, १९८७ च्या ‘दे दणादण’मधला लक्ष्मीकांत बेर्डेंचा हवालदार. मारुतीच्या कृपेनं अचाट शक्ती मिळालेला, आणि लाल रंग दिसला की ती शक्ती गळून पडणारा. त्याचा दुसरा भाग आला नाही. आला तो ‘झपाटलेला’चा, १९९३ नंतर थेट २०१३ मध्ये, थ्रीडीत. मधल्या काळात, २००४ च्या डिसेंबरात, लक्ष्या गेला. परत आला तो रामदास पाध्यांचा बाहुला, तात्या विंचू. बाहुल्याला म्हातारपण नाही, तारखांची अडचण नाही. ‘पहिल्यासारखं जमेल का’ या धास्तीनं त्याची झोपही उडत नाही.

३. पहिला भाग कोणी मागितलेला नसतो

हे मी घरातच शिकले. माझा भाचा, ताईचा मुलगा, इंजिनिअरिंगला असताना एका मे महिन्यात गच्चीवर गेला. अंगात काळा रेनकोट, तोंडावर इतवारीतून आणलेला रेक्झिनचा मुखवटा, मागे धडधडणारा कूलर. मोबाईल टाकीला टेकवून ठेवला आणि बॅटमॅन होऊन बोलायला लागला: “गॉथम बरं होतं बे. अंधार तरी होता. इथं डांबर वितळून राहिलं अन् मी काळा कोट घालून फिरून राहिलो. कायले आलो मी नागपूरले?” शेवटी मुखवटा काढला तर आतून घामाची धार लागली. ती खरी होती, अभिनय नव्हता.

रील धो धो चाललं. पुण्या-मुंबईला गेलेल्या नागपूरकरांनी एकमेकांना पाठवलं. आठवडाभर पोट्टा जमिनीवर नव्हता. मग खाली एकच प्रश्न साचायला लागला, पार्ट टू कधी? लग्नाच्या पंगतीत काका लोक हाक मारायचे, “ए बॅटमॅन, जरा बोलून दाखव ना पाहुण्यांले.” वाढणारा पोळ्यांची टोपली घेऊन थांबायचा. हा घासभर तोंडानं “कायले आलो मी...” म्हणायचा, लोक हसायचे, आणि पोळी ताटात पडायची.

त्यानं दुसरा भाग केला. जोकरला आणलं, तर्री पोह्याची प्लेट आणली, मित्राकडून कॅमेरा आणला, संवाद लिहून काढले. पहिल्यापेक्षा सगळंच नीटनेटकं. लोक म्हणाले, पहिल्यासारखी मजा नाही. तिसऱ्यात पहिल्याची नक्कल केली, तर म्हणाले, तेच तेच करतोय.

एका संध्याकाळी फुटाळ्याला बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, “मावशी, पहिला मी कोणासाठी बनवलाच नव्हता. उकडत होतं म्हणून बनवला.”

मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या मुलाखती मी वाचते. दुसरा भाग का फसला यावर ते पानंच्या पानं बोलतात. पटकथा, बजेट, स्टुडिओची ढवळाढवळ. पण या पोट्ट्याच्या एका वाक्यात आहे ते त्या पानांत मला सापडलेलं नाही. पहिल्या खेपेला समोर उकाडा होता. दुसऱ्या खेपेला समोर पब्लिक होतं, आणि ते आधीच हसायच्या तयारीत बसलेलं होतं.

पावसाळा लागला तेव्हा तो खऱ्या पावसात तोच काळा रेनकोट घालून कॉलेजला गेला. फाटकावरच हशा पिकला. दुसऱ्या दिवशी ताईनं निळा रेनकोट आणला.

४. वेष कोणाला उतरवता येतो, कोणाला नाही

स्पायडरमॅनला निदान एक सोय आहे. मुखवटा काढला, की तो गर्दीतला कोणीही. आमच्या सदरमधल्या डॉली चायवाल्याची गोष्ट बरोबर उलटी. सुनील पाटील नावाचा माणूस टपरी चालवायचा. दाक्षिणात्य सिनेमे बघून त्यानं एक ढंग उचलला. रंगवलेले केस, गॉगल, उंचावरून सोडलेली दुधाची धार, सुटे पैसे परत करतानाही हाताला झटका. २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा पितानाचा व्हिडिओ टाकला आणि सुनील पाटील मागे पडला, डॉली तेवढा उरला. ते चित्रण हैदराबादचं. समोरचा माणूस कोण हे आपल्याला ठाऊक नव्हतं, कोणी परदेशी पाहुणा असेल असं वाटलं, हे त्यानंच नंतर सांगितलं. जगातला एक सगळ्यात श्रीमंत माणूस समोर उभा, आणि याचं लक्ष चहा उतू जाऊ नये इकडे! मला हे फार आवडलं होतं.

त्यानंतर टपरीवर चहा पिणारे कमी आणि मोबाईल धरणारे जास्त, अशी गर्दी मी पाहिली आहे. पुढे परदेशवाऱ्या झाल्या, २०२५ मध्ये त्याच्या नावाच्या फ्रँचायझीची जाहिरात आली. शहरातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली. मी नाही मुरडली. ज्याच्याकडे विकायला एक ढंग आहे त्यानं तो विकावा, त्यात कोणाच्या बापाचं काय गेलं? माझ्या मनात येतं ते वेगळंच. एखाद्या दिवशी त्याचं डोकं दुखत असेल, तेव्हाही ती धार उंचावरूनच यायला हवी. आणि फ्रँचायझीत गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या दुसऱ्याच कोणा पोरानं करायचं काय? तो चहा देईल, साधा, नीट, गरम. गिऱ्हाईक म्हणेल, डॉलीसारखा नाही.

ज्योती आमगे याच गावच्या. १६ डिसेंबर २०११ रोजी, अठराव्या वाढदिवशी, गिनेसवाल्यांनी त्यांची उंची ६२.८ सेंटिमीटर मोजली आणि जगातली सर्वांत लहान चणीची स्त्री म्हणून नोंद केली. अभिनय करायचा हे त्यांचं जुनं स्वप्न. २०१४ मध्ये ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या गाजलेल्या मालिकेत त्यांनी काम केलं. त्यावर किती नागपूरकरांनी त्यांना एखादा प्रश्न विचारला असेल? मतदानाच्या दिवशी मात्र कॅमेरे हटकून त्यांच्या केंद्रावर. शाई लागलेलं बोट, तोच कोन, तेच शीर्षक, दर निवडणुकीला. बाकीच्यांचा वेष निदान कपाटात राहतो.

५. नापास व्हायचाही हक्क जातो

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला तेव्हा रिंकू राजगुरू शाळकरी पोर होती. पडद्यावर बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, मुलांना दमात घेणारी आर्ची म्हणजे मराठी पोरींसाठी सुपरहिरोच होती, फक्त पाठीवर झूल नव्हती. नागपुरात माझ्या शेजारच्या मुलीनं सायकलला हॅण्डलपाशी बुलेटचं स्टिकर लावलं होतं.

मग अकलूजच्या शाळेत रोजचं बसणं तिला गर्दीमुळे अवघड झालं, आणि दहावीला ती बाहेरून बसली. २०१७ च्या जूनमध्ये निकाल लागला. ६६.४० टक्के. हा आकडा मला का पाठ असावा? माझ्या सख्ख्या भाच्याचे दहावीचे टक्के मला आठवत नाहीत. पण त्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्रात ते छापून आले, आदल्या वर्षीच्या टक्क्यांशी तुलनेसकट. लाखो मुलं त्या दिवशी निकालाचा कागद घडी करून खिशात घालत होती. तेवढीही मुभा तिला नव्हती.

त्याच वर्षी ‘सैराट’ कन्नडमध्ये झाला, ‘मनसु मल्लिगे’ नावानं, आणि नायिका पुन्हा रिंकूच. तीच पोरगी, तेच प्रेम, तोच शेवट, भाषा निराळी. दुसऱ्या भागाचा एवढा शब्दशः नमुना दुसरा नसेल.

म्हणून ‘झुंड’मधली तिची छोटी भूमिका मला ‘सैराट’इतकीच महत्त्वाची वाटते. ‘झुंड’ आमचा, नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन २००१ मध्ये जे फुटबॉल सुरू केलं, त्यावरचा. नागराज मंजुळेंनी चित्रीकरण इथेच केलं आणि पोरंही इथल्याच वस्त्यांतली घेतली. ४ मार्च २०२२ ला तो आला. त्यात रिंकू आहे एक आदिवासी मुलगी. परदेशी खेळायला जायचं म्हणून तिला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टसाठी ती कोण आहे याचा कागद हवा. तो कागद कुठेच नाही. बाप-लेक या दारातून त्या दारात फिरतात. जिला महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही ओळखतं, तिच्यावर मंजुळेंनी स्वतःची ओळख पटवत हिंडायची पाळी आणली. पडद्यावर बघताना मी चक्क टाळी वाजवली, शेजारचा माणूस चमकून बघायला लागला.

त्या सिनेमातला मुख्य पोरगा, अंकुश गेडाम, याला पुढे पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. बच्चनसाहेबांसमोर उभं राहून कोणत्याही शिकवणीशिवाय काम केलेल्या या पोरांना पहिला भाग असा मिळाला, की त्याच्या वरचढ दुसरा कोणी लिहिणार कुठून? शूटिंग संपलं, गाड्या मुंबईला गेल्या, पोरं वस्तीत परतली. वस्ती तीच, भांडणं तीच. आता फक्त चेहरा ओळखीचा झालेला. सिनेमावाल्यांनी त्यांचं पुढचं बघायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. मला विचाराल तर ते बघणं गावाचं काम होतं, आणि गाव सेल्फी काढून मोकळं झालं.

६. न काढलेला भाग

राजकुमार हिरानी नागपूरचे. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, कॉलेजात नाटकं, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ २००३ च्या डिसेंबरात आला, ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ च्या सप्टेंबरात. हा सुपरहिरोपट नाही, कबूल. पण दुसरा भाग नीट बघा. मुन्नाला एक शक्ती मिळते: गांधीजी दिसतात, बोलतात, सल्ला देतात. लोक रेडिओला कान लावून बसतात. आणि भर पत्रकार परिषदेत एक डॉक्टर सिद्ध करून दाखवतो, की मुन्नाला जे ठाऊक नाही ते त्याच्या गांधीजींनाही ठाऊक नसतं. म्हणजे शक्ती गेली, तीही चारचौघांत. स्पायडरमॅनची ती लिफ्टच म्हणायची.

हिरानींनी दुसऱ्या भागात पहिल्याचं जवळजवळ काहीच ठेवलं नाही. मुन्ना आणि सर्किट तेवढे राहिले. नायिका बदलली, बोमन इराणी डॉक्टरचा लकी सिंग झाला, मुन्नाच्या पहिल्या लग्नाचं काय झालं हे कोणी विचारलंही नाही. लोकांना तेच पुन्हा हवं होतं. त्यांनी माणसं तीच दिली आणि गोष्ट पार वेगळी.

तिसऱ्याचीही घोषणा झाली होती. ‘मुन्नाभाई चले अमेरिका’ची झलकसुद्धा दाखवली गेली. सिनेमा काही निघाला नाही. अर्धवट संहिता पडून आहेत, आधीच्या दोघांच्या तोडीचं जमत नाही, असं ते सांगत आले आहेत. त्या नावावर पहिल्याच शुक्रवारी थिएटरं भरली असती, तरी त्यांनी हात आवरला. धरमपेठेतल्या माझ्या एका मैत्रिणीला हा निव्वळ आळस वाटतो. आमचं यावर दोनदा भांडण झालंय.

७. गाडीतले प्रवासी

‘स्पायडरमॅन २’मध्येच तो आगगाडीचा प्रसंग आहे. भरधाव गाडी थांबवून पीटर कोसळतो, तेव्हा त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो. प्रवासी त्याला हातांवर उचलून आत घेतात आणि बघतात तर काय, कोवळं पोरगं. दोन मुलं मुखवटा आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात. आज तो प्रसंग घेतला असता, तर डब्यातले निम्मे हात मोबाईल धरून वर गेले असते.

पुरवणीसाठी कोणा प्रसिद्ध माणसाला भेटायला गेले, की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न मी विचारत नाही. संपादक कुरकुरतात. मी विचारते, घरात पाणी किती वाजता येतं, कूलरची ताटी बदलली का. एका पदक मिळवलेल्या खेळाडूनं यावर पाऊण तास बोअरवेलची कथा सांगितली. ती जशीच्या तशी छापली. त्या लेखाला जितकी पत्रं आली, तितकी त्याच्या पदकाच्या बातमीलाही आली नसतील.

भाचा आता मिहानमध्ये नोकरीला आहे. बॅटमॅनचं कोणी नाव काढलं, तर विषय बदलतो. मुखवटा ताईनं माळ्यावर टाकलाय. मागच्या रविवारी जेवायला आला होता. हात धुता धुता ‘क्रिश’चा विषय निघाला. २००३ चा ‘कोई मिल गया’ पहिला, २००६ चा ‘क्रिश’ दुसरा, म्हणून २०१३ चा थेट ‘क्रिश ३’, हा हिशेब मी आईला समजावून सांगत होते. चौथा हृतिक स्वतः दिग्दर्शित करणार, अशी २०२५ मध्ये घोषणा झाली आहे. भाचा टॉवेलला हात पुसत म्हणाला, “घोषणा होऊन किती दिवस झाले बे! काढून कायले नाही राहिले? अन् मावशी, पहिल्यासारखाच पाह्यजे, सांगून ठेवतो.”